पहिलं ग्रीटिंग घरी करताना

कागद आणायच्या आधी एक नाव ठरवा. वाढदिवस असो, दसरा असो, कुणाचं नवीन घर असो. कार्ड कोणाच्या हातात पडणार हे ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

हे मी माझ्या आत्याकडून शिकले. ती सांगलीला असते, वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिला मी पाठवलेल्या पहिल्या कार्डावर टिकल्या होत्या, लेस होती, चमकी होती, आणि आतला मजकूर गडद निळ्या कागदावर चंदेरी पेनाने बारीक अक्षरांत लिहिलेला होता. फोन आला. "कार्ड फार सुंदर झालंय गं. तू काय लिहिलंयस ते शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं." तिने ते प्रेमानेच सांगितलं, पण मला रात्रभर रुखरुख लागली. जे फक्त तिच्यासाठी लिहिलं होतं, ते तिसऱ्याच कुणीतरी वाचलं. आता तिच्यासाठी पांढरा कागद, काळी शाई आणि ठसठशीत मोठी अक्षरं. ती कार्डं ती स्वतः वाचते.

म्हणून आधी माणूस. लहान मुलाला द्यायचं असेल तर उघडझाप करणारं काहीतरी हवं, आणि टोकदार किंवा सुटणारं काही नको. पोस्टाने जाणार असेल तर सपाट हवं. हातात द्यायचं असेल तर मोकळीक आहे.

सामान किती लागतं

फार थोडं. साधारण तीनशे रुपयांच्या आत सुरुवात होते. दहा-पंधरा कार्डशीट, स्टीलची फूटपट्टी, एक कटर, कात्री, पेन्सिल, ग्लू स्टिक, डबल साइड टेप आणि रिफिल संपलेलं एक बॉलपेन. ते संपलेलं पेन फेकू नका, आपल्या कामातलं सगळ्यात मोलाचं हत्यार तेच आहे.

कार्डशीट घेताना दुकानात 'किती जीएसएम?' असं विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. प्रिंटरचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्याचं कार्ड उभं राहत नाही, मान टाकतं. २०० ते ३०० मधला कागद कार्डाला चालतो. पहिल्यांदा २५० घ्या. ३०० चा कागद दिसायला राजेशाही, पण नवख्या हाताला त्याची घडी ऐकत नाही.

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, नौपाडा या भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत ए-४ कार्डशीट सहज मिळते. लेस, मोती, गोंडे पाहायचे असतील तर जांभळी नाक्याच्या बाजारात एक फेरी मारा. पन्नास-शंभर कार्डं एकदम करायची वेळ आली तर मशीद स्टेशनला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठावी, तिथे ठोक भावात कागद मिळतो. पहिल्या कार्डासाठी मात्र लोकलची गर्दी सोसू नका.

आणि घरातलं कपाट उघडा. आपल्याकडे लग्नसराई संपली की प्रत्येक घरात दहा-वीस पत्रिका साठलेल्या असतात. इतका जाड, चकाकता, नक्षी उठवलेला कागद विकत घ्यायचा म्हटलं तर महाग पडतो. कोरी बाजू, सोनेरी किनार, आतलं पातळ पान, सगळं कामाला येतं. पत्रिकेवरचा गणपती कापून कचऱ्यात टाकायला कुणाचाच हात धजत नाही. मी ती चित्रं कडेने नीट कापून एका पाकिटात ठेवते. वास्तुशांतीच्या कार्डावर किंवा गणपतीच्या आमंत्रणावर ती फार शोभतात.

कटरबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. पातं दाबून एका फटक्यात कापायचं नाही. पट्टी घट्ट धरून, हलक्या हाताने त्याच रेघेवरून दोन-तीनदा पातं फिरवायचं. खाली जाड पुठ्ठा ठेवायचा. पट्टी धरणारी बोटं पात्याच्या वाटेत नकोत. मुलं सोबत असतील तर कापायचं काम मोठ्यांनी करायचं. मोडलेलं पातं चिकटपट्टीत गुंडाळून, वर 'पातं आहे' असं लिहूनच कचऱ्यात टाका. सुका कचरा कुणीतरी हाताने निवडत असतं.

घडी

सजावटीकडे धाव घेऊ नका. निदान दोन संध्याकाळी फक्त घडीवर घालवा. घडी वाकडी असेल तर त्यावर मोरपीस लावलं तरी कार्ड तिरकंच बसतं.

ए-४ कागद २१ × २९.७ सेंटिमीटरचा असतो. लांबीच्या बरोबर मध्यावर कापला की १४.८ × २१ चे दोन तुकडे होतात. एकेकाची मधोमध घडी घातली की १०.५ × १४.८ चं, तळहातापेक्षा थोडं मोठं कार्ड तयार. एका कागदात दोन कार्डं, आणि वाया काही जात नाही.

कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो तसा गिरणीत बनलेल्या कागदालाही असतो. कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एका दिशेला निजतात. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर ती साडीच्या निरीसारखी सरळ बसते. आडवी घातली तर कागद घडीवर फुटतो, रंगीत कागद असला तर आतला पांढरा रंग दाणेदार दिसायला लागतो. ओळखायचं कसं? कागद न मोडता हलकासा वाकवून पाहा, आधी लांबीच्या दिशेने, मग रुंदीच्या. ज्या दिशेला तो सहज गुंडाळी घेतो, अडत नाही, त्या गुंडाळीच्या लांबीबरोबर तंतू धावतात. ए-४ मध्ये ते बऱ्याचदा लांब बाजूने असतात आणि मी वर सांगितल्याप्रमाणे कापलं तर घडी आपोआप तंतूंबरोबर येते. तरी प्रत्येक नव्या पाकिटातला एक कागद तपासून घ्या. हातकागदाला असा ठरावीक कल नसतो. त्यात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, म्हणून त्याची घडी जरा फुगीर आणि मऊ येते. पुण्याच्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून असा कागद करतात. पुण्याला जाणं झालं तर हात लावून बघा, पण शिकण्यासाठी गिरणीचाच कागद बरा.

आता ते संपलेलं पेन घ्या. दोन्ही कडांवर मध्य मोजून पेन्सिलीचे बारीक ठिपके द्या. पट्टी लावून पेनाच्या टोकाने एक दाबरेघ ओढा, पुन्हा एकदा त्याच रेघेवरून. कागद फाटता कामा नये, फक्त दबला पाहिजे. कागद उलटा केला की मागे बारीक उंचवटा दिसेल. तो उंचवटा घडीच्या आत राहील अशी घडी घाला. कडा जुळवा, घाई करू नका, आणि मग घडीवर एक साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घोटा. तो कागद मध्ये न ठेवता घोटलं तर घडीवर चकाकी उमटते आणि ती जात नाही.

दहा घड्या घाला. पहिल्या चार फुकट जातील. त्यांचे तुकडे रंग आणि पेनं तपासायला ठेवून द्या.

पहिलं कार्ड: आपट्याचं पान

मला कुणी विचारलं, सुरुवात कशाने करू, तर मी हेच सांगते. आपट्याचं पान मुळातच घडीचं असतं. दोन पाळ्या, मध्ये शीर, वरच्या बाजूला खाच. म्हणजे निसर्गानेच कार्डाचा साचा करून ठेवलाय. शिवाय दसऱ्याच्या आधी आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि पुष्कळदा आपट्याच्या नावाने कांचनाचीच पानं विकली जातात, हे बघवत नाही. कागदाचं पान दिलं तर सोनं लुटल्यासारखं होतं आणि झाडही राहतं.

हिरवा किंवा लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद घ्या, घडी घाला. घडी डाव्या हाताला ठेवून त्यावर अर्धं पान काढा. खाली देठापाशी किंचित आत वळलेलं, मग बाहेर फुगलेलं, वर गोलाई घेऊन पुन्हा घडीकडे येणारं. खाच पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खोल ठेवा, त्याहून खोल नको. खाली घडी किमान ५ सेंटिमीटर शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर पान उघडताना फाटतं. दोन्ही थर एकदम कापा. मग पान उघडून संपलेल्या पेनाने देठापासून वर पसरणाऱ्या शिरा दाबून काढा. रंग न वापरता पानाला जीव येतो. आत दोन ओळी लिहायच्या आणि बंद करायचं. सरळ कापावं लागत नाही, त्यामुळे हात थरथरला तरी काही बिघडत नाही.

डिंक, फेविकॉल आणि आपला पावसाळा

ठाण्याच्या हवेत कागद हाताळणं हे पुण्या-नाशिकपेक्षा वेगळं काम आहे. खाडी जवळ, जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि वाळताना वाकतो. मी एका पावसाळ्यात केलेली बारा कार्डं सकाळी उठून पाहिली तर सगळी पापडासारखी कडेने उचलली गेली होती. चूक माझीच, फेविकॉल सढळ हाताने लावला होता.

फेविकॉलमध्ये पाणी असतं. कागदावर कागद चिकटवायला शक्यतो ग्लू स्टिक वापरा. मोठा तुकडा असेल तर चारही कडांना डबल साइड टेप. फेविकॉल फक्त मोती, टिकली, बटण अशा कठीण वस्तूंसाठी, तोही टाचणीच्या डोक्याएवढा. लावायलाच लागला तर जुन्या प्लास्टिक कार्डाने अगदी पातळ ओढा आणि लगेच दोन कोऱ्या कागदांत घालून वर जाड पुस्तकं ठेवा, रात्रभर. पंख्याखाली वाळवू नका. एक बाजू आधी वाळते आणि कार्ड वाकतं.

आजीच्या वेळची मैद्याची खळ स्वस्त आणि घट्ट खरी, पण तिच्यावर झुरळं येतात आणि कसर लागते. जपून ठेवायच्या कार्डाला ती लावू नका. याच कारणाने संक्रांतीच्या कार्डावर खरा हलवा किंवा तीळ चिकटवायचा मोह टाळा. मुंग्या पाकिटापर्यंत पोचतात.

कोरे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या छोट्या पुड्या डब्यात टाकायच्या. मी तर दिवाळीची आणि संक्रांतीची कार्डं ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हातच करते.

उभं राहणारं तुळशी वृंदावन

घडी हातात बसली की हे करून बघा. तुळशीच्या लग्नाच्या आमंत्रणाला याच्याइतकं गोड काही नाही, आणि समजायला वाटतं त्याहून सोपं आहे.

१४.८ × २१ चा कागद घ्या, मध्ये घडी. घडी तुमच्याकडे ठेवा. घडीवर मधोमध ४ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा आणि त्या दोन्ही ठिकाणी घडीपासून आत ३ सेंटिमीटर लांबीचे सरळ काप द्या, दोन्ही थरांतून. कापांच्या टोकांना जोडणारी रेघ दोन्ही बाजूंनी पेनाने दाबून घ्या. आता कागद काटकोनात उघडा आणि मधली पट्टी आतून पुढे ढकला. तिची घडी उलटी होते आणि एक चौकोनी ओटा उभा राहतो. तेच वृंदावन. कार्ड हलकेच बंद करून घोटा, म्हणजे घड्यांना सवय होते.

वेगळ्या कागदावर वृंदावनाचं चित्र काढून कापा: खाली ४ सेंटिमीटर रुंद ओटा, त्यावर कोनाडा, वर तुळस. याची उंची साडेसहा सेंटिमीटर. डिंक फक्त ओट्याच्या समोरच्या उभ्या बाजूला लावा, वरच्या आडव्या बाजूला नाही, नाहीतर कार्ड मिटणार नाही. साडेसहाच का? कापाची लांबी आणि चित्राची उंची मिळून कार्डाच्या एका पानाच्या उंचीपेक्षा कमी हवी. इथे ३ आणि ६.५ मिळून ९.५ होतात आणि पान १०.५ चं आहे. चित्र ८ सेंटिमीटरचं केलं तर कार्ड मिटल्यावर तुळस बाहेर डोकावते. हा एक हिशेब कळला की मग देवळाची पायरी, केक, आगगाडीचा डबा, काहीही उभं करता येतं. ठाण्याच्या मुलांना आगगाडी करायला द्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथेच आली होती, हे त्यांना कार्ड करता करता सांगता येतं.

कापलेल्या जागी मागे भोक राहतं. म्हणून हा कागद दुसऱ्या, किंचित मोठ्या रंगीत कार्डाच्या आत चिकटवायचा. ओट्यामागच्या मोकळ्या जागेला डिंक लागू देऊ नका.

वर काय काढायचं

इथे मी कमीच बोलणार आहे. एक चांगली गोष्ट ठेवा आणि बाकी जागा कोरी सोडा.

वाळवलेली फुलं छान दिसतात. सदाफुली, बोगनवेलीचे कागदी रंगीत भाग, नेच्याचं पान, तामणाच्या पाकळ्या हे सगळं चालतं. जास्वंद रसाळ, ती काळी पडते. साध्या कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकात दोन-तीन आठवडे दाबून ठेवायचं. वर्तमानपत्राची शाई पाकळ्यांना लागते. पावसाळ्यात हे करू नका, बुरशी येते. फुलं गॅलरीतली घ्या, किंवा सोसायटीत झाडाखाली पडलेली. येऊरहून पान-फूल आणायचं नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथलं काही तोडायला मनाई आहे.

दुसरं, वारली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, तोवर तिथला वारल्यांचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोचवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कार्डासाठी तपकिरी क्राफ्ट पेपर किंवा गेरूचा हात दिलेला कागद घ्या. तांदळाचं पीठ कागदावरून झडतं, म्हणून पांढरा पोस्टर कलर आणि टूथपिक वापरा. पांढरं जेल पेनही चालतं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणसाचं अंग होतं. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नाचाची साखळी इतकंच काढलं तरी अख्खं कार्ड भरतं. लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो मी काढत नाही. तो त्यांच्या लग्नविधीचा भाग आहे, सुवासिनींनी काढायचा. आपण शोभेसाठी उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

चित्रकला अजिबात येत नसेल तर ठिपक्यांची रांगोळी आहेच. एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने ठिपके, सुईने भोकं, आणि रंगीत दोऱ्याने टाके. खाली थर्माकोल किंवा जुनी चप्पल ठेवून भोकं पाडा.

आत लिहायचं ते

कार्ड करणारे बहुतेक जण इथे दमतात. तीन तास सजावट आणि आत 'हार्दिक शुभेच्छा' एवढंच. मी उलटं करायला सांगते. मजकूर आधी वहीत लिहा, अगदी सजावट ठरवण्याआधी. एक आठवण, एक बातमी आणि एक प्रश्न, एवढं लिहिलं तरी पुरे. 'तुझ्या हातची पुरणपोळी' असं लिहिण्यापेक्षा 'गेल्या होळीला तू कटात आमसूल घातलं होतंस, तसं मला अजून जमत नाही, किती घालतेस?' असं लिहा. माझ्या आत्याने अशा एका प्रश्नाला पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं, दोन्ही बाजू भरून.

मायना मात्र वयाप्रमाणे घाला. मोठ्यांना 'ती. आत्यास शि. सा. न.' असं लिहिलं की त्यांचा चेहरा फुलतो. धाकट्यांना 'चि.' आणि शेवटी 'अनेक आशीर्वाद'. मैत्रिणीला मायना नाही घातला तरी चालतो.

पेन आधी उरलेल्या तुकड्यावर चालवून बघा. चकाकत्या कागदावर जेल पेनाची शाई वाळायला वेळ लागतो, हात फिरला की फरफटते. हातकागदावर शाईपेनाची शाई पसरते. पेन्सिलीने फिकट रेघा मारून लिहा आणि शाई पूर्ण वाळल्यावरच त्या खोडा.

पाकीट आणि पोस्ट

पाकीट विकत घेऊ नका, साध्या ए-४ कागदाचं होतं. १८.८ × २७ सेंटिमीटरचा तुकडा कापा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर सोडून उभी रेघ मारा. खालून १०.५ वर एक आडवी रेघ, तिथून वर ११.५ वर दुसरी. उरलेले ५ सेंटिमीटर म्हणजे झाकण. बाजूच्या दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या फक्त मधल्या भागाला ठेवायच्या, वरच्या आणि खालच्या भागाच्या कापून टाकायच्या. पट्ट्या आत वळवा, खालचा भाग वर घेऊन त्यांच्यावर चिकटवा. १०.५ × १४.८ चं कार्ड यात अलगद बसतं.

आता वजन. २५० जीएसएमचं असं एक कार्ड साधारण ८ ग्रॅमचं, पाकीट ४ ग्रॅमचं. पत्राचा पहिला दर २० ग्रॅमपर्यंत असतो, म्हणजे सजावटीला ८ ग्रॅम उरतात. तुळशी वृंदावनासारखं दुहेरी कागदाचं कार्ड यात मावत नाही. शंका असेल तर पाकीट बंद करण्याआधी पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर दंडाचे पैसे तुमच्या माणसाला भरावे लागतात. उठावाची सजावट आतल्या बाजूला ठेवा, तिकिटावर शिक्का बसतो तो जोरात बसतो. पिन कोड सहा आकडी, ठळक. पावसाळ्यात पत्ता बॉलपेनाने लिहा, जेल पेनाचा पत्ता एका सरीत वाहून जातो.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी टाका. पेटीत टाकण्याआधी कार्डाचा एक फोटो काढा आणि वहीत लिहून ठेवा: कुणाला, कधी, कुठला कागद, कुठलं चित्र. माझ्या वहीत आत्याच्या नावापुढे एकवीस नोंदी आहेत. बाविसाव्या कार्डासाठी तामणाच्या पाकळ्या पुस्तकात घालून ठेवल्या आहेत.